एकाच पानाला दोन ठिकाणी दोन नंबर का?



गेल्या वर्षी दसऱ्यानंतर गुऱ्हाळे पेटली. त्या दिवसांत माझ्याकडे उसाची हुमणी आणि लोकरी मावा यांच्याबरोबर एक निराळाच रोग तपासणीला आला. तो उसाला लागलेला नव्हता, वेबसाइटला लागलेला होता. आपल्यापैकी पुष्कळांच्या गटांनी अलीकडे वेबसाइटी काढल्या आहेत. कोणी हळद विकतो, कोणी काजू, तर कोणी देशी बियाणे. तेव्हा ही हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

पन्हाळा तालुक्यातील अकरा घरे मिळून एक गुऱ्हाळ चालवतात. गूळ रसायनाशिवाय करतात. मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरतात. गुळव्या जुना, जाणता माणूस आहे. माल उत्तम आहे हे मी स्वतः खाऊन सांगतो. पुण्याच्या एका प्रदर्शनात एका किराणा व्यापाऱ्याने त्यांचा गूळ चाखला आणि चार क्विंटल घेतो म्हणून शब्द दिला. पुण्यात परत गेल्यावर त्याने दुकानातल्या संगणकावर यांचा शोध घेतला. काही सापडले नाही. त्याने निरोप धाडला, "तुमची वेबसाइट कुठेच दिसत नाही. आधी खात्री पटू द्या, मग पैसे पाठवतो."

गटातल्या एका तरुणाने, वेबसाइटचे सगळे तोच बघतो, आपल्या फोनवर शोधून पाहिले. वेबसाइट पहिल्या नंबरावर! त्याने पडद्याचा फोटो काढून व्यापाऱ्याला पाठवला. व्यापाऱ्यानेही आपल्या पडद्याचा फोटो उलट पाठवला. त्यात यांचे नावही नव्हते. म्हणजे झाले असे की याला वाटले व्यापारी टाळतो आहे, आणि व्यापाऱ्याला वाटले हा फोटोत काहीतरी करामत करून फसवतो आहे. दोघेही खरे बोलत होते. तरी चार क्विंटलचा सौदा अडला.

एवढ्यात कोणी एक एजंट फोनवरून भेटला. तीस हजार रुपये द्या, पंधरा दिवसांत सगळ्या सर्च इंजिनांवर पहिला नंबर लावून देतो, लेखी हमी देतो, असे त्याचे म्हणणे. पोरगा तयार झाला होता. पण गटाचा हिशेब त्याच्या आईकडे असतो. ती माउली म्हणाली, "तीस हजारात अर्धं चुलवाण नव्यानं बांधून हुतंय. आधी साहेबास्नी इचार." म्हणून तो माझ्याकडे आला.

"साहेब, हे बघा की, पयल्या नंबराला हाय. आणि त्यो म्हंतोय न्हाईच. काय कळंना झालंय."

मी त्याला दोनच प्रश्न केले. तू कशावर शोधलेस आणि काय लिहून शोधलेस? पिकावर रोग आला म्हणून कोणी पान घेऊन आला तर आपण आधी जमीन कोणती, पाणी कसे, लागण कधीची हेच विचारतो. इथेही तीच रीत. उत्तर आले की याने आपल्या फोनवर गूगलमध्ये गटाचे पूर्ण नाव लिहिले होते. मग व्यापाऱ्याला फोन लावला. त्याने संगणकात जे आयते येते त्यात, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या बिंगमध्ये, नुसते कोल्हापुरी गूळ असे इंग्रजी अक्षरांत लिहिले होते. मग दोघांना एकच उत्तर कसे मिळावे?

आता थोडे मुळाशी जाऊ. मी बी.एस्सी. (कृषी) झालो तेव्हा गूगल जन्माला यायचे होते. त्यामुळे हे सारे मी उशिरा शिकलो, आणि ठेचा खात शिकलो. पण विषय वाटतो तितका अवघड नाही.

आपली समजूत अशी असते की आपण शब्द लिहिला की ते यंत्र त्या क्षणी जगभर हिंडून येते. तसे नसते. हिंडणे आधीच झालेले असते. प्रत्येक कंपनीचा एक फिरस्ता प्रोग्रॅम असतो. गूगलचा तो गूगलबॉट, बिंगचा तो बिंगबॉट. तो एका पानावरून दुसऱ्या पानावर, तिथल्या दुव्यांना धरून, रात्रंदिवस फिरत असतो. वाचलेल्या पानांची तो आपल्या कंपनीसाठी सूची करतो. जाड पुस्तकाच्या शेवटी कोणता शब्द कोणत्या पानावर याची यादी असते ना, तशीच ही सूची, फक्त अब्जावधी पानांची. आपण शोधतो ते या सूचीत. आणि सूचीत सापडलेल्या पानांतले वर कोणते नि खाली कोणते हे ठरवण्याचा प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो.

म्हणजे फरक तीन ठिकाणी पडू शकतो. फिरस्ता आपल्या दारी आला की नाही, आला तर त्याला आपले पान वाचता आले की नाही, आणि वाचल्यावर त्याने आपल्याला किती गुण दिले. लोक फक्त तिसऱ्याचा विचार करतात. माझा अनुभव असा की गावाकडच्या वेबसाइटींचे दुखणे बहुतेक वेळा पहिल्या दोनांतच असते.

तरी तिसऱ्याचेच आधी सांगतो, कारण ते आपल्याला माती परीक्षणावरून चटकन उमगेल. जमिनीतला उपलब्ध स्फुरद मोजण्याच्या दोन प्रसिद्ध पद्धती आहेत. एक ओल्सेनची, सोडियम बायकार्बोनेटचे द्रावण वापरून करतात ती. दुसरी ब्रे यांची, अमोनियम फ्लोराइड आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल वापरून करतात ती. काळ्या, चुनखडीच्या जमिनीला पहिली योग्य, तर पश्चिमेकडच्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीला दुसरी. आता एकाच पिशवीतली माती दोन भाग करून दोन पद्धतींनी तपासली तर स्फुरदाचे आकडे दोन येतील. प्रयोगशाळा खोटी नाही आणि मातीही बदलली नाही. द्रावण बदलले, म्हणून आकडा बदलला. नोकरीच्या पहिल्या वर्षात असे दोन अहवाल घेऊन एक शेतकरी माझ्या अंगावर आला होता, आणि मलाही त्या वेळी धड उत्तर देता आले नव्हते. असो.

गूगल आणि बिंग यांचीही अशी दोन द्रावणे आहेत. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना जी युक्ती काढली, तिच्यावर 1998 साली गूगल उभे राहिले. युक्ती साधी होती. एखाद्या पानाकडे दुसऱ्या पानांनी दुवा दिला असेल तर ती त्या पानाची साक्ष समजायची. शिवाय साक्षीदार जितका वजनदार, तितकी साक्ष वजनदार. गावात नाही का, सरपंचाने ओळख दिली तर बँकेचा साहेब खुर्ची देतो, आणि मीच माझी ओळख दिली तर उभा ठेवतो. त्यानंतर गूगलने त्यात शेकडो गोष्टी मिसळल्या, आणि आजही ते दर वर्षी हजारो लहानमोठे फेरफार करते. कशाला नेमके किती वजन हे ते सांगत नाही. सांगितले तर लबाड लोक दुसऱ्या दिवशी त्याचाच धंदा करतील.

बिंग 2009 साली मायक्रोसॉफ्टने आणले. त्यांनी वेबसाइटवाल्यांसाठी दिलेल्या सूचनांत आपण काय पाहतो ते लिहिले आहे. शोधलेल्या शब्दांशी पान किती जुळते, पानाचा दर्जा आणि विश्वासार्हता, लोक त्यावर जाऊन थांबतात की लगेच मागे फिरतात, मजकूर ताजा आहे का, शोधणारा कुठला आणि पान कुठले, आणि पान किती लवकर उघडते. गूगलही यातल्या पुष्कळ गोष्टी पाहते. पण दोन आचारी एकच मसाला वापरतात म्हणून आमटी एकसारखी होते का?

त्यात आणखी एक गोम आहे. गूगल आता बहुतेक करून वेबसाइटचे फोनवर दिसणारे रूप वाचते आणि त्यावरून सूची करते. हा बदल 2016 मध्ये जाहीर झाला आणि 2023 मध्ये पुरा झाला. म्हणून संगणकावर देखणी दिसणारी, पण फोनवर निम्मा मजकूर गाळणारी वेबसाइट गूगलमध्ये मागे पडू शकते.

रशियात यांडेक्स आहे, चीनमध्ये बायडू आहे. त्यांना त्यांच्या भाषेतल्या पानांचे अगत्य अधिक. आपल्या गुळाला त्यांच्याशी तूर्त कर्तव्य नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शोधायची दुकाने पुष्कळ दिसतात, पण स्वतःची चक्की थोड्यांचीच. याहूने 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार केला आणि आपले दळण बिंगकडे दिले. डकडकगो नावाचे जे यंत्र आहे, शोधणाऱ्याचा माग ठेवत नाही म्हणून लोक ते वापरतात, तेही आपले नेहमीचे निकाल मुख्यत्वे बिंगकडूनच घेते. ब्रेव्हने मात्र 2021 साली स्वतःची सूची घेऊन दुकान मांडले. खताच्या पोत्यावर नावे निराळी आणि कारखाना एकच, हा प्रकार आपल्याला नवा नाही. बिंगमध्ये आपण नसलो तर असे कितीतरी दरवाजे एकदम बंद होतात.

आपण म्हणाल, जगातले दहातले नऊ शोध तर गूगलवरच होतात, मग बिंगची पर्वा कशाला? गिऱ्हाईक फोनवर असेल तर हे खरे. पण दुकाने, कचेऱ्या, हॉटेलांचे खरेदी विभाग इथे संगणक असतात, आणि त्या संगणकात बिंग आयते बसवलेले येते. ठोक माल घेणारा माणूस तिथे बसलेला असतो. आमचा व्यापारी असाच बसला होता.

त्या संध्याकाळी आम्ही कचेरी सुटल्यावर बसलो, आणि दुसऱ्या संध्याकाळीही. काय काय निघाले ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे पोराच्या फोनचा पहिला नंबर हा अर्धा भ्रम होता. गटाचे पूर्ण नाव लिहिले तर दुसरे कोण येणार? त्या नावाचे जगात दुसरे कोणी नाही. शिवाय तो पन्हाळ्यात बसून शोधत होता, आणि फोनला ते ठाऊक होते. जवळचे ते आधी दाखवावे असा गूगलचा रिवाज आहे. मी त्याला म्हटले, गटाचे नाव विसर आणि पुण्यातल्या माणसासारखा नुसता गूळ शोध. त्याने शोधले. पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्या पानावर खाली एकदाची वेबसाइट दिसली. पोराचा चेहरा उतरला. पण रोग कळला तरच औषध.

दुसरी गोष्ट. गूगलला यांचे दार ठाऊक होते, कारण याने गुऱ्हाळाची जागा गूगलच्या नकाशावर नोंदवली होती आणि तिथे वेबसाइटचा पत्ता दिला होता. बिंगला कोणीच कळवले नव्हते. दुसऱ्या कोणत्याही वेबसाइटवरून यांच्याकडे दुवा नव्हता. म्हणजे वस्तीला रस्ताच नाही, पोस्टमन येणार कुठून?

रस्ता असूनही दार बंद असते असाही एक प्रकार आहे. फिरस्त्यांना कुठे येऊ द्यायचे आणि कुठे नाही हे सांगणारी एक चिठ्ठी वेबसाइटच्या उंबऱ्यावर ठेवायची चाल 1994 पासून आहे. वेबसाइट तयार होईपर्यंत कोणी येऊ नये म्हणून बनवणारा माणूस तिथे मनाई लिहितो आणि नंतर काढायला विसरतो. आमची चिठ्ठी ठीक होती. आपली एकदा पाहून घ्यावी.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या मराठीची आहे. यांच्या वेबसाइटवर गुळाची सगळी माहिती, भाव, पत्ता, प्रमाणपत्र, हे होते खरे, पण छापखान्यातून आणलेल्या माहितीपत्रकात. एक पान नुसते चित्र म्हणून चढवलेले, आणि बाकीचे जुन्या पद्धतीच्या फाँटात. या फाँटांत पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. माणसाला ते गूळ दिसते, आणि यंत्राला तिथे भलतीच खडखड दिसते. मी तो मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवून दाखवला तेव्हा पोरगा हबकलाच. तुम्हीही हीच परीक्षा करा. आपल्या वेबसाइटवरचे एक वाक्य उचलून फोनवरच्या निरोपात चिकटवा. मराठी राहिले तर ठीक. चित्रविचित्र अक्षरे उमटली, किंवा मजकूर उचललाच गेला नाही, तर शोधयंत्राच्या लेखी ते पान जवळजवळ कोरे. चित्रातला मजकूर काही यंत्रे काही प्रमाणात वाचतात, पण त्यावर विसंबून राहू नये.

आणि युनिकोडमध्ये लिहिले तरी आपल्या लिपीची एक खोड आहे. गुऱ्हाळ हाच शब्द घ्या. त्यातला तो अर्धा र एका कळफलकावर ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, त्याचा पाय मोडून लिहितात. दुसऱ्या कळफलकावर साध्या र चा पाय मोडून पुढे एक न दिसणारे चिन्ह घालतात. कागदावर दोन्ही शब्द हुबेहूब एक. यंत्राच्या पोटात मात्र ते दोन वेगळे शब्द. शेतकऱ्यांचा, वाऱ्यावर, दऱ्याखोरे, सगळ्यांचे तेच. जे यंत्र हा भेद ओळखून मिटवते तिथे आपले पान दिसेल, आणि जे मिटवत नाही तिथे दिसणार नाही. मग लोक गूळ दीर्घ लिहितात, गुळ ऱ्हस्व लिहितात, इंग्रजी अक्षरांत लिहितात, किंवा त्याचे इंग्रजी नाव जॅगरी घालतात. ही सगळी एकच चीज आहे हे समजण्यात दोन यंत्रांची अक्कल सारखी नसते, आणि मराठीच्या बाबतीत तर ती इंग्रजीइतकी मुळीच नसते, असे माझे मत झाले आहे.

उपाय काही जगावेगळे नव्हते. सगळा मजकूर पुन्हा युनिकोडमध्ये टाइप केला. तो त्याच्या आईने सांगितला आणि पोराने लिहिला. गुळव्या पाक कसा ओळखतो, काहिलीतून गूळ कधी उतरवतो, भेंडीचा रस का, सगळे आले. छापखान्याच्या पत्रकापेक्षा हे शंभर पट चांगले झाले. गूळ विकत घेणाऱ्याला जे विचारायचे असते ते त्यात होते. इंग्रजीतही चार ओळी घातल्या, त्यात गुळाची दोन्ही नावे घातली. मग बिंगच्या वेबमास्टर टूल्स या सोयीत वेबसाइट नोंदवली. गूगलकडे त्यांच्या सर्च कन्सोलमध्ये ती आधी नोंदवलेली असेल तर बिंग तिथूनच माहिती उचलून घेते, पुन्हा सगळे करावे लागत नाही. दोन्हीकडे पानांची यादी दिली. यातल्या कशालाच एक पैसा पडत नाही. पान बदलले की लगेच कळवायची इंडेक्सनाउ नावाची एक सोय बिंग आणि यांडेक्स यांनी 2021 साली काढली. तीही चालू केली. गूगल त्या वेळी तिच्यात सामील नव्हते, तिथे आपली वाट पाहायची. ज्या प्रदर्शनात गूळ मांडला होता, त्याच्या आयोजकांना विनंती करून त्यांच्या यादीत आमच्या वेबसाइटचा दुवा घालून घेतला. ही साक्ष खरी होती, विकत घेतलेली नव्हती.

एजंटाचे काय? गूगल स्वतःच लिहून ठेवते की पहिल्या नंबराची हमी कोणीही देऊ शकत नाही. पैसे भरून वर येता येते ते जाहिरातीत, आणि तिथे तसे लिहिलेले असते. खालच्या निकालांत पैसे घेऊन नंबर देत नाहीत. हे लोक बहुधा गटाचे पूर्ण नाव शोधून दाखवतात आणि पहिला नंबर आला म्हणून टाळ्या घेतात. कधी कधी शेकडो रद्दी पानांवरून खोटे दुवे देतात. असल्या खोट्या साक्षींविरुद्ध गूगलने 2012 साली पेंग्विन नावाची चाळण लावली, तेव्हा कितीतरी वेबसाइटी एका रात्रीत खाली गेल्या. आमच्या एजंटाला मी फोनवर एवढेच विचारले की कोणता शब्द, कुठल्या गावातून, कोणत्या यंत्रावर पहिला आणणार ते लिहून द्या. त्याचा परत फोन आला नाही.

सुमारे तीन आठवड्यांनी बिंगमध्ये गटाचे नाव लिहिल्यावर वेबसाइट पहिली दिसू लागली. नुसता कोल्हापुरी गूळ शोधला तर बिंगमध्ये दुसऱ्या पानावर आणि गूगलमध्येही दुसऱ्या पानावर, पण दोन्हीकडे वेगळ्या जागी. ती जागा रोज थोडी हलते. पोरगा आरंभी दर तासाला बघायचा. मी त्याला आठवड्यातून एकदा, तेही आपल्या फोनवर नव्हे, पुण्याच्या मामाकडून बघायला सांगितले आहे.

चार क्विंटलचा तो सौदा मात्र गेला. तोवर व्यापाऱ्याने दुसरीकडून माल उचलला होता, आणि आमचा गूळ कोल्हापूरच्या बाजारात नेहमीच्या भावाने घालावा लागला. जानेवारीत त्याच व्यापाऱ्याने एक क्विंटल मागवला आणि पैसे आधी पाठवले. चुलवाणाचे काम उन्हाळ्यात झाले.

ज्या वाचकांनी हुमणीच्या भुंगेऱ्यांसंबंधी पत्रे पाठवली आहेत, त्यांना पुढल्या अंकात उत्तर देतो. वेबसाइटसंबंधी लिहायचे असेल तर आपण काय लिहून शोधले, कुठून आणि कशावर शोधले, हे तीन तपशील पत्रात अवश्य घालावेत.